एकोणसाठ हात

पहिला हात पाहून मला आनंद झाला होता, हे आधी कबूल करते. दुसरा पाहिला तेव्हा वाटलं, योगायोग असेल. पाचव्यापाशी चहाचा कप बाजूला सारला, आणि साठावा पाहून झाला तेव्हा लाल पेन शोधू लागले.

शनिवारची सकाळ होती. गोरखपूर मोहल्ल्यातल्या माझ्या घरात जेवणाच्या टेबलावर साठ ड्रॉइंगशीट पसरल्या होत्या आणि साठही शीटांवर एकच हात होता. डावा हात, पंजा टेबलावर टेकलेला, तर्जनी शेवटच्या पेराच्या मध्यावर तुटलेली. मी वर्गात सांगितलं होतं, घरातल्या कष्ट करणाऱ्या एका माणसाचा हात काढून आणा, चार दिवस समोर बसून, नीट पाहून. आता साठ घरांतल्या साठ माणसांची तीच तर्जनी तेवढीच तुटली होती, असं मी मानावं अशी त्या कारट्यांची अपेक्षा होती.

मी हेमलता. शहराच्या राइट टाउन भागातल्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, रिटायर झाले आणि सुखाने घरी बसले होते. तिथे अंबरीश सर आले. गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते डीन, आणि या हिंदी शहरात आपल्याच मराठी माणसांतले. म्हणाले, "ताई, नवा विषय आला आहे, 'कलेतून सर्जनशील विचार'. थर्ड इयरच्या मेकॅनिकलच्या पोरांना आउट ऑफ द बॉक्स विचार करायला शिकवायचं. तुमच्याशिवाय कोण करणार?" माणूस कौतुकाला भुलतो. मी भुलले आणि दर गुरुवारी स्कूटरवरून बारा किलोमीटर जाऊ लागले.

पहिल्या तासाला मी टेबलावर एक पोचे पडलेला पितळी तांब्या ठेवला आणि म्हटलं, पाहा आणि काढा. पहिला प्रश्न आला, "मैडम, कितने मार्क का है?" दुसरा आला, "फोटो खींचकर बना लें?" त्या दोन वाक्यांत सगळा कोर्स संपला होता, पण मला ते कळायला चार महिने लागले.

साठ हात एकसारखे कसे झाले हे मात्र लगेच कळलं. हॉस्टेलमध्ये याला जीटी म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी ठेवायची, खाली बल्ब, काचेवर मूळ शीट, तिच्यावर कोरी शीट, आणि दिसेल ती रेघ गिरवायची. मशीनच्या ड्रॉइंगच्या शीटा ही पोरं पहिल्या वर्षापासून अशाच काढतात. मागितलेली शीट द्यायची, हा तिथला रिवाज. जो देत नाही त्याच्याशी वर्षभर कुणी बोलत नाही. मला याचं काही वाटलं नसतं, नट-बोल्टांचं मला काय पडलंय! पण माणसाचा हात? कुणाचा तरी जिवंत, कापलेला हात बल्बवर धरून ही पोरं रांगेने गिरवत बसली. मला किळस आली. मी लाल पेन उचललं आणि साठही जणांना शून्य दिलं. गुणपत्रकावर एकेक शून्य काढत खाली सही ठोकली आणि सोमवारी सकाळी ऑफिसात देऊन आले.

गुरुवारी वर्गात गेले तर सगळे मख्ख. विचारलं, "मूळ चित्र कुणाचं?" कुणी मान वर केली नाही. पहिल्या बाकावर स्वप्निल बसला होता. वर्गाचा टॉपर, गोड बोलणारा, सगळ्यांच्या शीटा ज्याच्या हातून फिरतात तो. तो उभा राहून म्हणाला, "मैडम, ग्रुप में सोचा था सबने मिलकर."

"ग्रुप में हाथ कटा था?" मी विचारलं. पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्या त्या हसण्याचासुद्धा मला वीट आला.

तास संपल्यावर एक मुलगी दाराशी थांबली. राखी रामटेके. शेवटच्या बाकावर बसायची, चार महिन्यांत चार वाक्यं बोलली नसेल. तिच्या शीटची मला आठवण होती, कारण ती सगळ्यांत शेवटी आली होती आणि सगळ्यांत घाणेरडी होती. चुरगळलेली, कडेला तेलाचे डाग पडलेली.

"मॅडम, ते चित्र माझं आहे," ती मराठीत म्हणाली. "स्वप्निलनं पाहायला म्हणून नेलं होतं. सबमिशनच्या दिवशी सकाळी परत दिलं."

"हे आता सुचलं? आणि दिलंस काहून?"

"नाही देऊ तर कोणी बोलत नाही, मॅडम."

"बरं. हात कोणाचा आहे?"

तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. मी पुन्हा विचारलं.

"घरातल्या माणसाचा."

"मग त्या माणसाला घेऊन ये. मी पाहते. तुझं शून्य काढून टाकते."

तिने खाली पाहिलं. "नाही आणू शकत, मॅडम," ती म्हणाली. मग हळूच पुढे बोलली, "शून्य राहिलं तर विषय राहील, माझा बॅक लागेल. जानेवारीत कॅम्पसला नोकरी द्यायला कंपन्या येतात. बॅकवाल्यांना बसू देत नाहीत."

"हे खोटं बोलायच्या आधी आठवायचं होतं," मी म्हटलं, आणि स्कूटरची किल्ली उचलली. असं तोडून बोलले की मला आतून जरा बरंच वाटायचं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी अंबरीश सरांचा फोन आला म्हणून त्यांच्या केबिनमध्ये गेले. पुढच्या शुक्रवारी कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती, आणि सगळी इमारत रंगाच्या वासाने भरली होती.

"ताई, तुम्ही काय करून बसल्या? साठ शून्यं?"

"साठ चोऱ्या आहेत."

"चोऱ्या काहून म्हणता? मी शीटा पाहिल्या. साठ सारखे हात! लाइनीत लावले तर काय दिसतील! आपण नाव देऊ, 'एकता'. सामूहिक कलाकृती. समितीला हेच पाहिजे असते."

मला वाटलं तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. त्याने प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं. त्याने हिशेब समजावला. एकोणसाठ जणांचं शून्य काढून त्यांना पूर्ण गुण. पण समिती आणखी एक गोष्ट विचारते, नक्कल पकडली तर कॉलेज काय कारवाई करतं? त्या फाइलमध्ये एकही प्रकरण नव्हतं. एक पाहिजे होतं.

"ही एक शीट तशीही भिंतीवर लावता येत नाही," त्याने दोन बोटांच्या चिमटीत राखीची शीट धरली, उंदीर धरावा तशी. "मळलेली आहे. तेल लागलं आहे. सगळ्यांत लेट आली. हिचं शून्य राहू द्या. नक्कल केली म्हणून शून्य, कारवाई झाली, तुमची सही आहेच. आणि ताई, अशा घरातून पोरी येतात, घरी कोणी कागद-पेन्सिल पाहिलेली नसते. ती कुठून काढणार ओरिजिनल?"

राखीचं घर कुठलं, हे त्याने आडनावावरून ठरवलं होतं. मी म्हटलं, हा नीचपणा आहे, एकोणसाठांना सोडून एकीला धरता. तो समजुतीने हसला. "सही तुमचीच आहे ना, ताई? मी काही नवीन लिहिलेलं नाही."

सही माझीच होती. त्या मुलीला खोटारडी ठरवणारी मीच होते. मी दोन-चार कडक वाक्यं बोलून घरी आले, आणि कडक वाक्यांनी काय होतं? संध्याकाळपर्यंत त्याने मला निरोप पाठवला की गुरुवारी तास नाही, भिंत सजवायची आहे, तुमची नजर हवी. आणि मी गेले. का गेले? मला वाटलं, तिथे राहिले तर काही थांबवता येईल. खरं कारण हे की कुणी 'तुमची नजर' म्हटलं की मला अजून गोड वाटतं.

भिंतीशी सुखराम भैया होता. वर्कशॉपचा अटेंडंट. मी यायचे त्या प्रत्येक गुरुवारी तो माझं टेबल पुसायचा, स्टूल आणून ठेवायचा. पोरांना पहिल्या वर्षी लाकडाचे सांधे करायचे असतात, त्याला जॉब म्हणतात. ते अर्ध्या वर्गाचे जॉब हाच करून द्यायचा. "ऐ भैया, मेरा भी बना दे," अशा हाका मी स्वतः ऐकल्या होत्या. आता तो स्टुलावर चढला होता. शर्टाच्या खिशात खिळे, हातात हातोडी. मी खालून एकेक फ्रेम देत होते आणि तो ठोकत होता.

तीसेक हात लागले असतील. तो थांबला. एका चित्राजवळ तोंड नेऊन पुटपुटला, "नख चुकलं."

"काय म्हणालात?"

"काही नाही, मॅडम. हे नख असं नसते. बोट तुटलं की उरलेलं नख खाली वळते, मांसात रुतते. इथं सरळ काढून ठेवलं. समद्याईनं सरळच काढलं. पोरीनं तं बरोबर..." आणि त्याने जीभ चावली.

मी वर पाहिलं. फ्रेम सरळ धरायला त्याने डावा पंजा भिंतीवर टेकवला होता. शेजारी कागदावर तोच पंजा. तर्जनी शेवटच्या पेराच्या मध्यावर तुटलेली, आणि उरलेल्या टोकावर वाकडं नख, खाली वळून मांसात रुतलेलं. पहिल्या गिरवणाऱ्याने ते चूक समजून सरळ केलं असणार आणि बाकीच्यांनी त्याचीच रेघ उतरवली. चार महिने हा हात माझ्यासमोर स्टूल ठेवत होता. चार महिने मी साठ पोरांना ओरडून सांगत होते, पाहायला शिका, रोजच्या वस्तू पाहायला शिका.

"राखी तुमची मुलगी?"

तो स्टुलावरून खाली उतरला. "तिले काही म्हनू नका, मॅडम. मीच सांगितलं होतं, कॉलेजात मले भैयाच म्हनायचं. पोरं मले कसे आवाज देतात, तुम्ही पाहून राहिल्याच. मंग तिलेही तसेच बोलतील. तीन वर्स झाले, तिनं कोनाले समजू नाही दिलं."

म्हणून ती गप्प बसली होती. आणि मी तिला खोटारडी म्हटलं होतं. मी त्याला शून्याचं सांगितलं. त्याला ठाऊक नव्हतं, तिने घरी काही बोलून दाखवलं नव्हतं.

"शून्य?" तो आपल्या हाताकडे पाहत म्हणाला. "चार दिवस मी हात हालवला नाही, मॅडम. ड्युटीवरून आलो का बसाचो. तेल लागलं कागदाले माह्यामुळं."

"बोट कुठे गेलं?"

"इथंच. रंध्याच्या मशीनवर. अंबरीश सरच होते तेव्हा वर्कशॉपले. त्यायनंच गाडीत नेलं दवाखान्यात. सीट खराब होईल म्हनून हाताले प्लास्टिकची पन्नी बांधाले सांगितली होती."

मी त्याला हाताला धरून डीनच्या केबिनमध्ये नेलं. जाताना वाटेत ऑफिसातून गुणपत्रक काढून पाहिलं. राखी रामटेके, पिता सुखराम रामटेके, पुढे माझं लाल शून्य. नाव तिथेच छापलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं. आणि सुखरामचं आडनाव काय, हे या इमारतीत मला धरून कुणी कधी विचारलं नव्हतं.

अंबरीश सरांनी मान वर न करता विचारलं, "सुखराम, खुर्च्या लावल्या काय?"

मी सगळं सांगितलं. सुखरामने हात पुढे केला. सर त्या हाताकडे पाहत राहिले, आणि एक क्षण मला वाटलं, माणसाला लाज वाटते आहे.

"अच्छा," ते म्हणाले. "तोच हात. इंटरेस्टिंग आहे. पण ताई, फाइल बाइंड झाली. उद्या समिती आहे. जूनमध्ये बॅकचा पेपर असतेच, तेव्हा काढून घेईल पोरगी." मग सुखरामला, अगदी मऊ आवाजात, "उद्या चहाचं तुझ्याकडेच आहे ना? फुल बाह्यांचा शर्ट घाल."

जून म्हणजे कॅम्पस संपल्यावर पाच महिन्यांनी. बाहेर आल्यावर सुखरामने हात पँटच्या खिशात घातला. "जाऊ द्या, मॅडम. नोकरी इथंच करायची आहे. उद्या काही बोलू नका." मी त्याला तसं वचन दिलं. घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले, तरी त्या केबिनची घाण जाईना.

शुक्रवारी कमानिया गेटवरून खोव्याची जलेबी आली. पोरापोरींना कोट घालून दोन रांगांत उभं केलं होतं. राखीच्या हातात गुलाबांची परडी दिली होती, कारण तिची उंची रांगेला जुळत होती. नक्कल करणारी म्हणून फाइलमध्ये तिचं नाव, आणि स्वागताला तीच! कुणाला त्यात काही वाटलं नाही.

समितीत तिघे होते. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, चष्मा कपाळावर सरकवलेला. ते भिंतीपाशी थांबले. एकोणसाठ हात, एकोणसाठ तुटक्या तर्जन्या, खाली सोनेरी अक्षरांत 'एकता'.

"अद्भुत," अध्यक्ष म्हणाले. "यह विचार किसका था?"

अंबरीश सरांनी स्वप्निलला पुढे केलं. स्वप्निल नम्रपणे वाकला आणि सर्जनशीलतेवर तीन वाक्यं बोलला, पाठ केलेली.

"और यह हाथ? किसी को देखकर बनाया है?"

"नहीं सर," अंबरीश सर म्हणाले. "काल्पनिक है. बच्चों की सामूहिक कल्पना."

नेमका त्याच वेळी सुखराम चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या कोपराशी उभा होता. फुल बाह्यांचा शर्ट, मनगटावर बटण लावलेलं, एखादी फ्रेम पडलीच तर म्हणून खिशात कालचे खिळे. अध्यक्षांनी न पाहता कप उचलला. कप ज्या हाताशेजारून उचलला तो हात आणि भिंत यांत चार फुटांचं अंतर असेल. ट्रे हलू लागला, बशा वाजू लागल्या. मी तोंड उघडलं, आणि मला माझं वचन आठवलं, आणि मी तोंड मिटलं. वचन हे निमित्त होतं. मी भ्याले होते.

राखीने परडी जमिनीवर ठेवली आणि रांगेतून बाहेर आली.

"बाबा, ट्रे माझ्याजवळ द्या," ती मोठ्याने म्हणाली. "हात थरथरून राहिला तुमचा."

तिने ट्रे घेऊन टेबलावर ठेवला. मग बापाचं डावं मनगट धरलं आणि अध्यक्षांना म्हणाली, "सर, काल्पनिक नहीं है. यह मेरे पापा का हाथ है. चित्र मैंने बनाया था."

स्वप्निल बुटांकडे पाहत होता. अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, आधी हात पाहिला, मग भिंत. "तो इनमें तुम्हारा कौन-सा है?"

"इनमें नहीं है, सर."

आता तरी माझे पाय हलले. मी फाइलींच्या टेबलाकडे गेले, 'नक्कलविरोधी कारवाई' असं छापलेली जाड फाइल उघडली आणि प्लास्टिकच्या पाकिटातून ती मळकी शीट बाहेर काढली. "ताई, अभी नहीं," अंबरीश सर दातांतल्या दातांत म्हणाले. मी शीट अध्यक्षांच्या हातात दिली.

"यह असली है," मी म्हटलं. "नाखून देखिए. बाकी सबका सीधा है, इसका मुड़ा हुआ है. जिसने हाथ देखा था, उसी को पता था. मैंने नहीं देखा. मैंने इसको शून्य दिया है."

त्यांनी नख पाहिलं. कागदावरचं, मग सुखरामच्या बोटावरचं. पेन मागून घ्यायलाही मला धीर नव्हता, मी पर्समधलं लाल पेन काढलं, फाइलीतच लावलेल्या गुणपत्रकातलं ते शून्य आडवं खोडलं, शेजारी पूर्ण गुण लिहिले, पुन्हा सही केली आणि तारीख घातली. उरलेली एकोणसाठ शून्यं अंबरीश सरांनी पुसली होती. तीही परत लिहिली. सगळ्यांसमोर, एकेक, मोजून. माझी किळस तेवढ्याने गेली नाही. तिच्यातली अर्धी माझीच होती.

अध्यक्ष शीटवरून नजर काढेनात. "इसको तो बीच में होना चाहिए," ते म्हणाले.

अंबरीश सरांचा चेहरा दोन क्षणांत उजळला. हा माणूस कशातूनही वर येतो. "बिल्कुल सर, यही तो हमारी सोच थी," त्यांनी शीट अलगद स्वतःकडे घेतली, या वेळी दोन्ही हातांनी. "सुखराम! चल, स्टूल आण. मधल्या जागेवर एक खिळा ठोक."

सुखरामने राखीकडे पाहिलं. मग सरांच्या हातून ती शीट काढून घेतली, गुंडाळली आणि मुलीच्या हातात दिली.

"खिळे संपले, सर," तो म्हणाला.

त्याच्या शर्टाचा खिसा खिळ्यांनी फुगलेला होता. आम्हां सगळ्यांना ते दिसत होतं.